डाव्या सीटची उघडी बाजू

जावयाने नवी गाडी दारात आणली त्या दिवशी मी पहिला हात लावला तो डॅशबोर्डला, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. डॅशबोर्डच्या कडेने लाल शिलाई गेली होती. सरळ, एकसारखी, कुठे टाका चुकलेला नाही. मी तीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवतोय. शिलाई दिसली की बोट आपोआप तिकडे जातं. बोट फिरवलं तर दोराच लागेना. प्लॅस्टिक साच्यात ओततानाच टाक्यांची नक्षी उठवलेली आणि वरून रंग मारलेला. म्हणजे शिवणारा माणूस नको, पण शिवल्यासारखं दिसायला मात्र हवं! "ही शिलाई खोटी हाय," मी तिथल्या तिथे बोललो. जावई हसला. त्याला वाटलं मामा गंमत करतायत.

मी गंमत करत नव्हतो. सावेडीत माझं सीट कव्हरचं दुकान आहे. जीपच्या आणि टेम्पोच्या सीटांपासून मी सुरुवात केली तेव्हा गाडी म्हणजे पत्रा, काच आणि बसायला जागा एवढंच होतं. आता गाडी म्हणजे मिरवायची वस्तू झालीय. ही गाडी तर अगदीच तशी. आखूड सेडान. कर कमी लागावा म्हणून चार मीटरच्या आत बसवायची, त्यासाठी मागची डिकी अशी छाटलेली की समोरून साहेब आणि मागून हाफ चड्डी. तोंडावर ही एवढी मोठी जाळी, चकाकणारी. वाकून बघितलं तर निम्मी जाळी बंद, आत नुसतं काळं प्लॅस्टिक, वाऱ्याला जायला भोकच नाही. मागे खाली दोन धुराड्यांच्या चकत्या, त्याही खोट्या. खरी नळी बिचारी आत लपलेली, गंजायला मोकळी. दिवे इतके बारीक की गाडी डोळे किलकिले करून बघतेय असं वाटावं. आणि छप्पर मागच्या दाराशी असं उतरतं केलेलं की बायको ओवाळून झाल्यावर हौसेने मागे बसायला म्हणून वाकली तर अंबाड्यासकट डोकं आपटलं.

"मामी, जरा खाली वाकून," जावई म्हणाला.

"अजून किती वाकू?" बायको डोकं चोळत म्हणाली. नवीन गाडी होती म्हणून ती हसली. मी हसलो नाही.

माझी मुलगी नवऱ्याच्या शेजारी डाव्या सीटवर बसून आली होती आणि उतरली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. ते बघून मी पुढचं तोंडात आलेलं गिळलं. ती सोनईला दिली आहे. सासऱ्यांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे, जावई तेच बघतो. मुलगी घरी ब्लाउज शिवते. दर मंगळवारी दोघं नगरला येतात, तो दुकानाच्या मालासाठी, ती अस्तर, दोरे आणि हुकांसाठी. इतकी वर्षं मोटरसायकलवरून यायची. सोनईहून घोडेगावला बाहेर पडलं की हमरस्ता, आणि हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. मोटरसायकलपेक्षा गाडी बरी, असं मला वाटलं होतं. खरं तर त्याच एका कारणासाठी मला त्या गाडीचा आनंद झाला होता.

आतलं सगळं दुधाळ रंगाचं. सोनईत दुधाळ सीट! गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या चिमणीची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर पडते, बाकीचे आठ महिने फुफाटा. ज्याने हा रंग निवडला त्याने आयुष्यात कधी पँटवरचा फुफाटा झटकला नसणार. हवा कमी-जास्त करायची तर बटण नाही, टीव्हीसारख्या पडद्यावर बोटं मारायची आणि तेवढ्यात समोर म्हैस आली तर आली. दाराच्या मुठीला आरशासारखी काळी पट्टी. तिच्यावर पहिल्याच दिवशी पाच बोटांचे पाच ठसे. लाकडाची म्हणून दाखवलेली पट्टी लाकडाची नाही, चामड्याचं म्हणून दाखवलेलं चामडं नाही. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

त्या अख्ख्या गाडीत मला एकच वस्तू प्रामाणिक वाटली. पुढच्या सीटच्या पाठीला, दाराच्या बाजूला, शिवणीतून बाहेर आलेली अंगठ्याएवढी करडी पट्टी. तिच्यावर इंग्रजीत एकच शब्द, एअरबॅग. म्हणजे सीटच्या त्या कुशीत हवेचा फुगा घडी घालून ठेवलेला आहे. बाजूने धडक बसली की तो ती शिवण फाडून बाहेर येतो आणि माणूस आणि दार यांच्यामध्ये उभा राहतो. कारखान्यात ती एकच शिवण मुद्दाम कच्ची घालतात. फाटावी म्हणून घातलेली शिवण! आमच्या धंद्यात असलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

ती पट्टी बघितली की मला एक बाई आठवतात. सावेडीतच राहतात, निवृत्त शिक्षिका. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मालकांनी गाडी घेतली आणि कव्हर माझ्याकडून शिवून घेतलं. मी माझ्या पद्धतीने शिवलं. सीटला घट्ट, चारही बाजूंनी बंद, डबल शिलाई, नायलॉनचा मेणाचा दोरा. ती करडी पट्टी मला दिसली होती. मला वाटलं कंपनीची जाहिरात आहे. मी ती आत दुमडली आणि वरून कव्हर ओढून शिवून टाकलं. सुरकुती म्हणून नव्हती.

पुढे त्यांच्या गाडीला डाव्या बाजूने टेम्पो धडकला. गाडी गॅरेजला आली तेव्हा सीट काढायला मला बोलावलं. गॅरेजवाला सीटवर थाप मारून म्हणाला, "मिस्तरी, तुमचं काम लई पक्कं हाय. फुगा आतल्या आतच फुगला, भाईर यायला वाटच न्हाई." मी पाहिलं. कव्हरच्या आत फोम फाटला होता, कव्हराचा एक टाका उसवला नव्हता. महिन्याभराने त्या ताई स्वतः मालकांबरोबर दुकानात आल्या. डावा हात गळ्यात बांधलेला, खांद्यापासून उचलत नव्हता. त्यांना नवीन कव्हर हवं होतं. आणि त्या मला काय म्हणाल्या? म्हणाल्या, "गाडीचा चुराडा झाला हो, पण तुमचं कव्हर जरासुद्धा फाटलं नाही."

मी म्हणालो, "बसा ताई, चहा सांगतो."

फुगा सुटला असता तर हात वाचलाच असता, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. पण त्या दिवशी मी चहा सांगितला आणि दुसरं काही सांगितलं नाही, ही गोष्ट काही केल्या बदलत नाही. तेव्हापासून पुढच्या दोन्ही सीटांची दाराकडची बाजू मी उघडी ठेवतो. कडेला पायपिंगची गोल किनार घालतो, पट्टी बाहेर दिसू देतो. बाजारात कच्च्या दोऱ्याची तयार कव्हरं मिळतात, पण माझा त्या दोऱ्यावर विश्वास नाही. जुनं गिऱ्हाईक आलं की "रेक्झिन आकसलंय, थोडं मोकळं करून देतो" असं सांगून बाजू उसवून देतो. कुणाला खरं कारण सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. काय सांगणार? माझं काम इतकं चांगलं होतं की त्याने एका बाईचा हात गेला?

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, अनारसे आणि वाण द्यायचं, ही आपली रीत. बायकोने कपड्यांचं विचारलं तर जावई म्हणाला, "मामी, कापडं नको. मामांच्या हातचं सीट कव्हर द्या. आख्ख्या सोनईत दाखवतो." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्याने मोबाईलवर फोटो दाखवला आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं. लाल आणि काळं, मध्ये चौकटी-चौकटीची रजई, डोक्यापाशी सोनेरी नक्षी. गाडीच्या आत कुणाचं लग्न लागलंय असं वाटावं. मी पिवळट तपकिरी सुचवलं, धूळ दिसत नाही. "ते म्हाताऱ्या मानसांचं, मामा." ठीक. जावई म्हणजे दशमग्रह. मी लाल-काळं आणलं आणि आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. रजईची एकेक चौकट मोजून टीप घातली. राग कितीही असो, मला वाईट काम करता येत नाही.

वाणाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी कव्हर चढवलं. घरचे सगळे गाडीभोवती उभे. जावयाने फोटो काढले, आत बसला, बाहेर आला, पुन्हा बसला. मग डावं दार उघडून वाकला आणि म्हणाला, "मामा, हितं राहिलं का?"

"राहिलं न्हाई. तसंच असतं."

"न्हाई, म्हंजे बाकी सगळं पॅक हाय, न् हितंच आतली कंपनीची सीट दिसती. दुधाळ."

"सांगितलं ना, तसंच असतं."

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आप्पा, का ते सांगा ना त्यांना." आणि मी, माझ्या लेकीवर, जावयासमोर, तिच्या आईसमोर खेकसलो, "तीस वर्षं झाली मला. आता तू शिकवणार का मला सीट शिवायला?" ती गप्प बसली. आमच्या घरात तीच पद्धत आहे. दुकानात ती लहानपणापासून माझ्या समोर बसून शिकली, दाभण कशी धरायची, दोऱ्याला मेण कसं लावायचं, टाका आतून कसा घ्यायचा म्हणजे वरून दिसत नाही. हे सगळं मी तिला करून दाखवलं. का, ते कधी सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी मला सांगितलं नव्हतं. "जसं दाखवलं तसं कर," एवढंच आमच्याकडे शिक्षण.

ते गेले. आठ-दहा दिवसांनी बायकोला सोनईहून कळलं की तिकडे गाडी बघायला माणसं येतात आणि हसतात. व्याह्यांचा धाकटा भाऊ म्हणाला होता, "पाव्हन्यांचं रेक्झिन कमी पडलं वाटतं. वाण दिलं पन काटकसरीनं." आणि व्याही हसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवस डोळे फोडून चौकटी मारल्या आणि हे बसले रेक्झिन मोजत! जाळी खोटी, धुराडी खोटी, शिलाई खोटी, त्याला कुणी हसलं नाही. हसले कशाला, तर जिथे खरं काम होतं त्याला. "फोन लाव," मी बायकोला म्हणालो. तिने लावला नाही. "लेकीचं घर आहे ते," म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी आतल्या आत धुमसत राहिलो, आणि त्या धुमसण्यात खरी गोष्ट मला सुचलीच नाही, की फोन लावावा आणि भांडण न करता नुसतं कारण सांगावं. दोन मिनिटांचं काम होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लेक-जावई सोनं द्यायला आले. माझ्या दुकानातही आदल्या दिवशी पूजा झाली होती, शिलाई मशीन, कात्री, कटर, दाभणी, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. गाडीच्या जाळीवर झेंडूचा हार. त्या बंद जाळीला पहिल्यांदाच काहीतरी उपयोग मिळाला होता. चहा झाल्यावर जावई म्हणाला, "मामा, चला, चक्कर मारू. तुमी अजून बसलाच न्हाई पुढं." मी डाव्या सीटवर बसलो. मुलगी मागे बसली. कोपऱ्यापर्यंत गेलो असू. मी पट्टा लावायला म्हणून डावा हात मागे नेला आणि बोटं सीटच्या कुशीवर पडली.

बाजू बंद होती.

मी बोट खाली-वर नेलं. करडी पट्टी नाही. उघडी कड नाही. लाल रेक्झिन सलग, दोन कडा एकमेकींना अशा भिडलेल्या की मध्ये नख जाणार नाही. टाका दिसत नव्हता, पण बोटाला लागला. आतून घेतलेला, मेणाच्या दोऱ्याचा, प्रत्येक तिसऱ्या टाक्याला एक गाठ. तशी गाठ आख्ख्या नगर जिल्ह्यात दोनच माणसं मारतात. एक मी.

"गाडी थांबव," मी म्हणालो. जावयाला मी एरवी अहो-जाहो करतो. त्या दिवशी भान नव्हतं. त्याने गाडी कडेला घेतली. मी मागे वळलो. "हे कुणी शिवलं?"

जावईच म्हणाला, "तिनंच की. धोंड्याच्या म्हैन्यानंतर लगीच. म्हनली, आप्पांचं राहिलं होतं, त्यांनी मला सांगितलंय पुरं करायला."

"मी सांगितलं?"

"आप्पा, ऐका..."

"मी सांगितलं तुला? कधी सांगितलं? कुणाला विचारून हात लावलास?" रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मी दार उघडून खाली उतरलो आणि त्या सीटला लाथ घालायचीच बाकी ठेवली. धोंड्याच्या महिन्यापासून दसऱ्यापर्यंत प्रत्येक मंगळवारी ती याच सीटवर, याच कुशीला खेटून घोडेगावच्या रस्त्याने आली होती आणि गेली होती. मी दुकानात बसून व्याह्यांवर धुमसत होतो. "अक्कल गहाण टाकलीस का? कुणी चार शब्द बोललं म्हणून वाट बंद करायची?"

"कसली वाट?" ती खाली उतरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता. "कसली वाट, आप्पा? मला काय माहीत? मला एवढंच माहीत होतं की रोज दुकानावर लोक येतात, सीट बघतात आणि तुम्हाला हसतात. माझ्या बापाच्या हातच्या कामाला. दुपारी सगळे झोपल्यावर मी दाभण घेतली आणि शिवलं. तुम्ही शिवलं असतं तसंच शिवलं."

"मला विचारायचं होतंस!"

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं, आणि मला माझंच खेकसणं ऐकू आलं. आता तू शिकवणार का मला. त्या दिवशीही ती याच दाराशी उभी होती. तिने विचारलं होतं. चार माणसांत, हळू आवाजात, माझा अपमान होणार नाही अशा बेताने विचारलं होतं.

आम्ही गाडी दुकानात आणली. मी कटर घेतला, त्याच्यावर आदल्या दिवशीचं कुंकू तसंच होतं. तिचा टाका उसवायला बसलो आणि उसवेना. गाठीवर गाठ. घाईने ओढावं तर रेक्झिन फाटेल, आणि मला अजूनही, त्या क्षणीसुद्धा, रेक्झिन फाटायला नको होतं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. शेवटी रेक्झिनचाच तुकडा टरकन कापून बाजूला फेकला. आतून करडी पट्टी वर आली, दुमडलेली. ती मी बोटाने सरळ केली.

मग मी सांगितलं. स्टुलावर बसून, दोघांकडे न बघता, पट्टीकडे बघत. फुगा कुठे असतो, कसा सुटतो, बाजू का उघडी ठेवतो. आणि सावेडीतल्या ताईंचा हात. गॅरेजवाला काय म्हणाला ते. ताई काय म्हणाल्या ते. चहा. जावई मधेच म्हणाला, "मामा, हे तवाच बोलला असता तर मी भाईर पाटी लावली असती गाडीला. कोन हसलं असतं?" तो चिडला नव्हता, आणि त्यामुळे मला जास्त लागलं. पडदे आणि नक्षी बघणारा माणूस म्हणून मी त्याला मनात किती नावं ठेवली होती! त्याने नुसतं विचारलं होतं, इथं राहिलं का. साधा प्रश्न होता. बरोबर होता.

मुलगी पुढे आली. तिने माझ्या हातातून कटर घेतला, गाडीला वळसा घालून गेली आणि नवऱ्याच्या बाजूचं दार उघडलं. तीही बाजू तिने शिवली होती. ती वाकून स्वतःचाच टाका एकेक करून उसवत राहिली, आणि उसवता उसवता, मान वर न करता तिने विचारलं, "त्या ताईंना माहीत आहे का, आप्पा?"

"काय?"

"हात कशामुळे गेला ते."

मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघितली. कुणी नको ते विचारलं की माझा राग धावून येतो आणि मला सोडवून नेतो, आयुष्यभर तसंच झालंय. त्या दिवशी तो आला नाही. मी उठून चपला घातल्या.

ताईंचं घर दुकानापासून पाच मिनिटांवर. जावई म्हणाला मी सोडतो, पण मी चालत गेलो. फाटकाशी त्यांची तीच, दुरुस्त केलेली गाडी उभी होती, माझं दुसऱ्यांदा शिवलेलं कव्हर आत. त्याची बाजू मी उघडी ठेवली होती, आणि तेव्हा ताईंनी का म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं, माझ्या कामावर इतका विश्वास. मी बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. उजव्या हाताने कडी काढून, त्याच हाताने दार ओढून त्या उभ्या राहिल्या, डावा हात अंगाला लागून तसाच लोंबता. मला बघून त्या हसल्या.

"या मिस्तरी. दसऱ्याचं सोनं घेऊन आलात का? की कव्हराचं काही राहिलं होतं?"

"हो, ताई," मी म्हणालो. "सांगायचं राहिलं होतं."